कोरडा उमासा

भावाच्या हातातला चांदीचा चमचा तसाच हवेत राहिला होता, त्यावरची खीर ओघळून त्याच्या मनगटापर्यंत आली होती आणि त्याला ते कळतही नव्हतं. एप्रिलपासून हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. सांगलीत, माहेरी, चिऊचं उष्टावण होतं. मामाने पहिला घास द्यायचा म्हणून तो सकाळपासून नवा शर्ट घालून तयार, वाटी-चमचा त्यानेच आणलेला, पहिल्या पगारापासून बाजूला टाकलेल्या पैशांतून. चिऊ त्याच्या मांडीवर, कुंची घातलेली, समोर पाट, रांगोळी, आणि सगळे मोबाईल काढून उभे. त्याने चमचा तिच्या तोंडात घातला, जरा जास्तच आत गेला, आणि तिने एकदम खांदे वर घेतले, जीभ बाहेर काढली, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि घशातून तो आवाज, ओऽऽक, ओऽऽक, पण बाहेर काहीच नाही. दोनदा, तीनदा. मी धावत गेले, त्याच्या मांडीवरून तिला अक्षरशः हिसकावून घेतलं आणि काही अडकलं असेल म्हणून तिच्या तोंडात माझं बोट घातलं. मग मात्र ती खरंच ओकली, सकाळचं सगळं दूध माझ्या साडीवर, आणि इतकी किंचाळून रडली की शेजारच्या काकू दारात आल्या.

मी भावाला काहीतरी बोलले. काय बोलले ते इथे लिहवत नाही.

थोड्या वेळाने सगळं शांत झालं, फोटो झाले, आईने दुसऱ्यांदा खीर आणली आणि भावाला म्हणाली, घे रे, दे तिला. तो म्हणाला, "ताई देऊ दे, मी नको." आणि आत निघून गेला, बेसिनवर बराच वेळ मनगट धूत होता. त्यानंतर आम्ही चार दिवस तिथे होतो, त्या चार दिवसांत त्याने चिऊला एकदाही उचललं नाही. आधी ऑफिसातून आल्या आल्या बूट काढायच्या आत "कुठंय माझी चिमणी" म्हणणारा मुलगा, तो लांबून टाळ्या वाजवून दाखवायचा आणि मी जवळ आले की फोनमध्ये बघायचा. मला दिसत होतं सगळं. मी सॉरी म्हणाले का? नाही म्हणाले. आईपण आलं की आपल्याला सगळं माफ असतं असं मला तेव्हा कुठेतरी वाटत असावं.

खरं म्हणजे उमासा ही गोष्ट मला नवीन नव्हती, घाबरण्याचा माझा एक राऊंड आधीच होऊन गेला होता. चिऊ तीन-साडेतीन महिन्यांची असताना, जानेवारीत, आम्ही डोंबिवलीला परत आलो होतो आणि घरात मी, नवरा आणि ती, बस. दूध प्यायली की गुळणी टाकायची, ते ठीक होतं, आई म्हणायची टाकणारं बाळ अंग धरतं, काळजी करू नको. पण एका रात्री पावणेतीनला वेगळाच आवाज आला. दूध पिऊन दोन तास झालेले, ती झोपेतच ताणली गेली, पोट आत ओढलं गेलं आणि घशातून कोरडे उमासे, एकामागून एक, बाहेर पडलं काय तर दोन थेंब लाळ. लाईट लावला तर ती आमच्याकडे बघतेय, भेदरल्यासारखी. दहा मिनिटांनी परत तेच. नवरा नेटवर शोधत बसला आणि जितकं वाचेल तितका त्याचा आवाज बदलत गेला. शेवटी शालीत गुंडाळून रिक्षा केली आणि हॉस्पिटल गाठलं, थंडीत, तिचं टोपडंसुद्धा घ्यायचं विसरलो. तिथे पोचेपर्यंत ती झोपून गेली होती. ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीने झोपलेल्या चिऊला तपासलं, टाळू हाताने चाचपला, पोट दाबून बघितलं, वजन केलं आणि आम्हाला चार-पाचच प्रश्न विचारले. दिवसभरात लघवी किती वेळा केली. उलटीचा रंग कसा होता, हिरवा होता का. ताप आहे का. दूध नीट ओढते का. खोकला आहे का. आमच्याकडे सगळ्याची उत्तरं चांगलीच होती, तरी मी रडत होते.

दोन दिवसांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी नीट समजावून सांगितलं, आणि ते ऐकताना मला पहिल्यांदा त्या आवाजाच्या मागे काय चाललेलं असतं ते दिसलं. जठराच्या तोंडाशी एक झडप असते म्हणाले, ती या वयात ढिली असते, तान्ही बाळं दिवसभर आडवी असतात आणि पोटात सगळं पातळच, त्यामुळे दूध वर येणारच. बऱ्याच बाळांत हे चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं, उभं राहायला लागलं की कमी होत जातं, वर्ष-दीड वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं. गुळणीला जोर लागत नाही, ती नुसती सांडते, दुधाच्या पातेल्याला धक्का लागल्यासारखी. उमासा मात्र जोराचं काम आहे. छातीखालचा पडदा आणि पोटाचे स्नायू एकदम आवळतात, पुन्हा आवळतात, पण त्याच वेळी श्वासाची वाट बंद झालेली असते आणि अन्ननलिकेचं वरचं तोंडही उघडलेलं नसतं, म्हणून आवाज येतो, अंग ताणलं जातं आणि बाहेर काही पडत नाही. पोट रिकामं असलं तरी असंच. अर्ध्या वाटेपर्यंत आलेलं आंबट दूध परत खाली जातं, घसा मात्र जळजळतो, म्हणून ती तोंड वेडंवाकडं करते आणि रिकामेच आवंढे गिळते. सर्दी झाली की नाकातला शेंबूड मागच्या मागे घशात उतरतो, मोठा माणूस खाकरून थुंकतो, बाळाला थुंकता येत नाही, मग त्यानेही उमासे. दूध फार जोरात येत असेल, बाटलीचं भोक मोठं असेल, घाईघाईत हवा गिळली असेल, मग ढेकर अडून राहिली असेल, तरी तेच.

"आणि तुम्ही रडलं की पाजताय," असं ते मला बघूनच म्हणाले, आणि ते खरं होतं.

मी तिला तासा-तासाला छातीशी घेत होते. भूक लागली म्हणून रडली तरी दूध, गॅस झाला म्हणून रडली तरी दूध, कंटाळली तरी दूध. पोट तिचं मुठीएवढं. त्यांनी सांगितलं थोडं थोडं पाजा, मध्येच थांबून ढेकर काढा, पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभी धरा, लगेच पाय वर करून नॅपी बदलू नका. झोपवायचं मात्र उताणीच. यावर घरात किती वाद झाला म्हणून सांगू. सासूबाईंचं म्हणणं, उताणी झोपवली आणि उलटी आली तर घशात जाईल, कुशीवर नाहीतर पालथी घाला. मलाही ते पटत होतं, कुणालाही पटेल. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या अंगाला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली, म्हणजे वर आलेलं दूध श्वासात जायला त्याला चढ चढावा लागतो. पालथं घातलं की उलटं होतं, दुधाला श्वासाकडे उतार मिळतो. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, फ्रीजवर लावला होता, सासूबाई येता-जाता त्याच्याकडे बघायच्या आणि एक दिवस स्वतःच म्हणाल्या, असू दे उताणीच.

माहेरच्या बाळंतपणात तर गोष्टच वेगळी होती. त्या खोलीचा वास मला आत्ता लिहितानाही येतोय, शेगडीतला निखारा, त्यावर टाकलेला ओवा आणि बाळंतशेपा, तेलाचा, दुधाचा, ओल्या लंगोटांचा, आणि त्या सगळ्यात आजीच्या सहाणेवरचं वेखंड. आजी चौऱ्याऐंशीची, हात थरथरतात, पण गुटी उगाळताना अजिबात नाही. हळकुंड, सुंठ, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, प्रत्येकाचे वेढे ती मोजायची, ओठांतल्या ओठांत, आणि वेखंड आलं की हात हलका करायची. एकदा आईने घाईत गुटी केली आणि त्या दिवशी चिऊने चमचा पोटात जाताच उमासे दिले, खूप दिले, शेवटी पांढरं पांढरं ओकली. आजीने सहाण हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "वेखंड ज्यादा उगाळलंयस. वेखंड वकाय लावतंय बाळाला." मला तेव्हा ते जुन्या बायकांचं काहीतरी वाटलं. नंतर कळलं की आयुर्वेदात ओकारी काढायला, वमनालाच वेखंड सांगितलंय, आणि जास्त पोटात गेलं की ते तेच करणार. डॉक्टरांचं म्हणणं आणखी पुढचं, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटी नको, पाणी नको, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. मी गुटी बंद केली. आजीला फोनवर ते सांगताना मला कसंतरीच झालं, तिने फक्त "बरं" म्हटलं आणि विषय बदलला. तिच्या वेढे मोजण्यात जी काळजी होती ती मी बंद करत नव्हते, पण तिला तसंच वाटलं असणार.

आता उष्टावणाच्या दिवशी आजीने काय केलं ते सांगते, कारण ते मला फार उशिरा समजलं. मी चिऊला हिसकावलं, सगळे ओरडायला लागले, कोणी पाणी पाज म्हणे, कोणी पाठीत थोपट म्हणे, कोणी टाळूवर फुंकर घाल म्हणे, आणि त्या गोंधळात आजी खुर्चीवरून उठून, भिंतीला धरून, खिडकीपाशी गेली आणि तिने पडदा बाजूला सारला. मला वाटलं हवा यावी म्हणून. ती माझ्याजवळ आली, चिऊची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, "लाल हाय. काय न्हाई झालं." आणि परत जाऊन बसली.

रात्री मी तिचे पाय चेपत होते तेव्हा तिने आपणहून सांगितलं. माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, हे आम्हाला माहीत होतं, पण तो कशाने गेला हे तिने कधी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. पानशेत फुटलं त्या साली, म्हणजे १९६१, पावसाळ्यात. तासगावजवळच्या खेड्यात. "डांग्या लागला हुता त्येला. चार म्हयन्याचं पोर. खोकायचं, खोकायचं, मग उमासं यायचं, पडायचं काय न्हाई. आन व्हट निळं व्हायचं." मिरजेला न्यायचं ठरलं, पण ओढ्याला पाणी आलं होतं, दोन दिवस गाडी जाईना. तिसऱ्या दिवशी खोकला थांबला. आजी म्हणाली, "आम्हाला वाटलं बरं वाटाय लागलं त्येला. आवाजच येईना म्हणून." एवढं बोलून ती थांबली आणि मला म्हणाली, पुरे कर, झोप जा, पोरगी उठंल.

मी त्या रात्री झोपले नाही.

डांग्या खोकल्यात फार लहान बाळांना तो ओळखीचा 'हूप' आवाज येतच नाही कित्येकदा, नुसती उबळ, उमासे, आणि मध्येच श्वास थांबणं, हे मी नंतर डॉक्टरांना विचारून घेतलं. आपल्याकडे त्याची लस सरकारी कार्यक्रमात आली ती १९७८ पासून, आजीचं बाळ गेल्यानंतर सतरा वर्षांनी. चिऊला मी दीड महिन्याचं, अडीच महिन्याचं, साडेतीन महिन्याचं अशी तिन्ही इंजेक्शनं वेळेवर दिली होती, कार्डावर तारखा आहेत, आणि खरं सांगते तेव्हा मला त्या सुईचा, तिच्या मांडीवरच्या गाठीचा, रात्रीच्या तापाचाच राग आला होता, पाच रोगांची एक लस एवढंच डोक्यात होतं, त्या पाचांत आजीचा डांग्या आहे हे माझ्या गावीही नव्हतं. आजी मात्र आम्ही सांगलीला गेलो की पहिल्यांदा विचारायची, सुया झाल्या का गं सगळ्या? मला वाटायचं म्हातारी माणसं विचारतात तसं विचारतेय.

सगळे उमासे सारखे नसतात, हे मला आमच्या मावसबहिणीमुळेही माहीत होतं. तिचा मुलगा महिन्याचा असताना दूध टाकायला लागला, सगळे म्हणाले टाकतातच, पण त्याचं टाकणं म्हणजे फवारा, पाळण्यातून समोरच्या भिंतीपर्यंत. टाकून झालं की लगेच परत भुकेला, आणि वजन वाढायच्या ऐवजी उतरत चाललेलं. सोनोग्राफीत दिसलं की जठरातून आतड्याकडे जायची वाट तिथल्या स्नायूच्या जाडीने बंद होत आलीये. मुलींपेक्षा मुलग्यांत हे बरंच जास्त दिसतं, त्यातही पहिल्या मुलात. छोटं ऑपरेशन झालं, आठवड्याभरात पोरगं घरी, आता शाळेत जातं. पण ते दोन आठवडे ती प्रत्येकाला सांगत होती की हे वेगळं आहे, हे गुळणीसारखं नाही, आणि प्रत्येकजण तिला पहिलटकरीण म्हणून समजूत घालत होता. म्हणून कोणी नवीन आई मला विचारते तेव्हा मी "काही नसतं गं" असं म्हणत नाही. मी हॉस्पिटलातल्या त्या रात्रीचे प्रश्न विचारते. हिरवं पडतंय का, रक्त आहे का, फवाऱ्यासारखं आहे का, नॅपी कोरडीच राहतेय का, टाळू खोल गेलाय का, तीन महिन्यांच्या आतलं बाळ असून शंभरच्या वर ताप आहे का, मलूल पडलंय का, वजन वाढायचं थांबलंय का. यातलं एक जरी हो असेल तर माझ्याशी फोनवर बोलत बसू नको, ऊठ आणि जा. हिरवी उलटी असेल तर सकाळपर्यंतसुद्धा थांबू नको.

उष्टावणाचं मात्र यातलं काहीच नव्हतं. ते काय होतं ते मला मे महिन्यात कळलं, चिऊ स्वतःच दाखवायला लागली तेव्हा. ती आख्खी मूठ तोंडात घालायची, मग दोन बोटं, मग ती बोटं आत आत, आणि मग उमासा. स्वतःच दचकायची, बोटं काढून त्यांच्याकडे बघायची, लाळेची तार लोंबतेय, डोळे भरलेले, आणि परत तीच बोटं तिथेच. पहिल्या वेळी मी तिचा हात धरला. मग धरणं सोडून दिलं आणि समोर बसून बघत राहिले. डॉक्टरांनी आपल्याच जिभेवर लाकडी पट्टी ठेवून दाखवलं होतं, आपल्याला उमासा येतो तो पार मागे, पडजिभेजवळ काही लागलं तर, पण पाच-सहा महिन्यांच्या बाळाची ती जागा जिभेवर बरीच पुढे असते. आधी तर जिभेला काही लागलं की जीभच ते बाहेर ढकलते. मग हळूहळू, बोटं घालून, खेळणी चावून, घास फिरवून, ती जागा मागे मागे सरकते, सात ते नऊ महिन्यांच्या दरम्यान कधीतरी बरीच मागे जाते. म्हणजे चिऊ बोटाने स्वतःचं तोंड मोजत होती, इथपर्यंत चालतं, इथे नाही. आणि पोटात असतानाच, आठवा महिना लागायच्या आधीच, बाळाला ही उमाशाची खोड लागलेली असते म्हणे. अजून जगात काहीही गिळलेलं नाही आणि नको ते परत फिरवायची सोय आधी तयार.

मग त्या खिरीचं काय झालं? चमचा चांदीचा, खोलगट, मोठ्या माणसाच्या हातातला, त्याने तो जिभेवरून सरळ आत नेला आणि वर करून रिकामा केला, जसा आपण औषध पाजतो तसा. तिच्या जिभेने सांगितलं नको. एवढंच. चमचा खालच्या ओठाला टेकवून थांबायचं असतं, ती स्वतः तोंड पुढे आणते आणि वरच्या ओठाने ओढून घेते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. त्या दिवसाच्या मुहूर्तावरून घरात महिनाभर चर्चा झाली होती, मुलीचं विषम महिन्यात करतात म्हणून आईला पाचवा हवा होता, डॉक्टर म्हणत होते सहा महिने पूर्ण होऊ द्या, शेवटी सहा पूर्ण झाले की सातवा लागतोच, यावर दोघांचंही भागलं. रांगोळीचा रंग ठरला, खिरीत साखर नको हे ठरलं, चमचा कसा धरायचा हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आणि त्या दिवशी जर खरंच काही अडकलेलं असतं, तर माझ्या बोटाने ते आणखी आत ढकललं असतं.

हे मला सोसायटीच्या हॉलमध्ये कळलं, जूनमध्ये, प्रथमोपचाराचं शिबिर होतं तेव्हा. वीस-पंचवीस जण, सतरंजीवर, मध्ये प्लास्टिकची बाहुली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बाळ खोकतंय, रडतंय, उमासे देतंय, म्हणजे हवा आत-बाहेर जातेय, त्याला त्याचं काम करू द्या, पाठीत मारू नका, उलटं करू नका, दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नका, फक्त जवळ राहा. आवाज बंद झाला, रडू फुटत नाही, ओठ काळे-निळे पडायला लागले, तर ते अडकलंय. मग एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच फटके, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब, आणि परत. बाहुली हातात घेतली तर माझ्या अंदाजापेक्षा जड होती. पहिला फटका मी इतका हळू मारला की बाई म्हणाल्या, अशाने काही निघणार नाही, ताई. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच वेळेला बरोबर मारला. मी घरी येताना जिन्यात थांबले. आवाज बंद झाला तर, असं त्या म्हणाल्या तेव्हापासून मला आजीचं वाक्य ऐकू येत होतं, आवाजच येईना म्हणून.

भावाला त्या दिवशी मी मेसेज टाइप केला, तीनदा खोडला. शेवटी नुसता चिऊचा व्हिडिओ पाठवला, तोंडात बोटं घालून उमासे देतानाचा, आणि खाली लिहिलं, बघ, स्वतःच्या हातानेही असंच करते. त्याच्या निळ्या टिका आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एक हसरा चेहरा. त्या एका हसऱ्या चेहऱ्याकडे मी किती वेळ बघत बसले असेन.

ऑगस्टमध्ये राखीला तो आला, महालक्ष्मी एक्सप्रेसने, पहाटे कल्याणला उतरून. चिऊ दहा महिन्यांची, धरून उभी राहणारी, खालचे दोन आणि वरचा एक असे तीन दात. तिने त्याला ओळखलं नाही, ओठ काढला, मग त्याच्या घड्याळाकडे बघून गेली त्याच्याकडे. त्याने तिला घेतलं, पण कसं, दोन्ही हात लांब करून, कोणाचं तरी ठेवायला दिलेलं सामान धरावं तसं. राखी बांधली, ओवाळलं, नारळीभात झाला. मी किचनमध्ये तिचा वरणभात कालवत होते, त्यात उकडून कुस्करलेलं गाजर, आता मुद्दाम थोडे बारके तुकडे ठेवते. तो दाराशी येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, कंपनीत फर्स्ट एडचं ट्रेनिंग होतं. कुपवाडच्या एमआयडीसीत आहे तो, त्यांच्याकडे वर्षाला एकदा असतं, हात मशीनमध्ये गेला तर काय, शॉक लागला तर काय, असलं. "मी त्या सरांना नंतर थांबून विचारलं, लहान बाळाचं कसं असतं. त्यांनी दाखवलं. मी घरी उशीवर केलं बरेच दिवस." हे सांगताना त्याने डावा हात नकळत पुढे केला होता, तळहात वर, कोपर जरा खाली उतरलेलं, बाळाला पालथं धरायला करतात तसा.

मी वाटी त्याच्या त्या हातात ठेवली.

चिऊ तिच्या खुर्चीत, तो समोर स्टुलावर, मी बाजूला. यावेळी चमचा साधा, उथळ, स्टीलचा. त्याने तो तिच्या ओठाला टेकवला आणि थांबला. तिने तोंड पुढे आणलं, घेतलं. दुसरा घास, तिसरा. चौथ्याला गाजराचा तुकडा होता. ती थांबली, भुवया वर गेल्या, जीभ बाहेर, खांदे वर, आणि तो आवाज. माझा हात उठला, तो मला नंतर दिसला, टेबलाच्या वर अर्धवट, बोटं ताणलेली. खोलीत कुणी बोलत नव्हतं. भाऊ तिच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, चमचा हवेतच धरून, अगदी तसाच जसा एप्रिलमध्ये. मी हात मांडीवर ठेवला. चिऊने परत एकदा उमासा दिला, गाजराचा तुकडा जिभेच्या टोकावर आणून सोडला, तो बिबवर पडला, तिने तो शोधून काढला, चिमटीत धरला, आणि परत तोंडात घातला. या वेळी चावला.

"देऊ?" त्याने विचारलं.

"अरे, विचारतोस काय," मी म्हणाले, "आणि त्या दिवशी मी तुला जे बोलले ना..."

"ताई, तिचं तोंड उघडंय बघ," तो म्हणाला, आणि पुढचा घास भरला.